दहाव्या पानावरचा बाप

भगवंतरावांच्या मते, गोष्टीच्या पुस्तकांत सगळ्यात वाईट हाल कोणाचे होत असतील तर ते बापाचे. पोराला निदान शेवटी बरे दिवस येतात. बापाला दहावं पानसुद्धा दिसत नाही. एखाद्या पुस्तकात तो पुरात वाहून जातो, एखाद्यात तापाने फणफणतो आणि सकाळी नसतो, एखाद्यात लाकडं तोडायला रानात जातो आणि परतच येत नाही. एकदा तर बिचारा पहिल्याच ओळीत गेला होता. लिहिणाऱ्याने त्याला घटकाभर खाटेवर टेकूही दिलं नव्हतं.

ही पुस्तकं भगवंतरावांनी वाचली नव्हती, ऐकली होती. वाचणारी होती त्यांची मुलगी अनुराधा, घरची अनू, सातवीतली. लग्नाला कितीतरी वर्षं उलटून गेल्यावर आणि जामसांवलीच्या हनुमानापुढे नवराबायकोनं गुडघे झिजवल्यावर झालेली ही एकुलती एक पोर. पांढुर्ण्याच्या शाळेत चंद्रकलाबाई नावाच्या शिक्षिका होत्या. शाळेचं पुस्तकांचं कपाट त्यांच्या ताब्यात होतं, आणि कपाट हे उघडण्यासाठी असतं असं त्यांचं मत होतं. अनू शनिवारी पुस्तक आणायची आणि रविवारी बागेत बापाला वाचून दाखवायची.

भगवंतराव संत्र्यांच्या ढिगापुढे बसून मोठी, मधली, बारीक अशी फळं वेगळी करत आणि अनू उलट्या टोपलीवर बसून वाची. गोष्टीतलं पोर रानात हरवलं की भगवंतरावांचा हात थांबायचा. ते उपाशी निजलं की मोठ्या फळांत बारीक फळ पडायचं, आणि दुसऱ्या दिवशी व्यापाऱ्याचा माणूस बोंब मारायचा. अनू वाचताना कधी रडली नाही. रडायचे ते भगवंतराव, आणि डोळ्यांत संत्र्याच्या सालीचं पाणी उडालं असं सांगायचे.

लाडांचं विचाराल तर त्याला काही सुमारच नव्हता. पोरीला संत्रं द्यायचं तर ते सोलून, एकेका फोडीवरचे दोरे काढून, फोड चिरून, बिया काढूनच द्यायचं. संत्र्याच्या बागेत वाढलेल्या या पोरीला संत्र्यात बिया असतात हे जवळजवळ पुस्तकातूनच कळलं असावं. शकुबाई, म्हणजे अनूची आई, म्हणायची, "पोरगी सासरी जाईन तवा बिया काढाले तुमी जासान का संगं?" भगवंतराव म्हणत, "जाईन. कोणाच्या बापाचं काय जाते?"

पंच्याऐंशी साल सरत आलं होतं. बागेतला शेवटचा माल तोडून झाला होता. त्या रविवारी अनूनं एक जाड पुस्तक संपवलं. त्यातला बाप अर्थातच लवकर गेला होता आणि पोरगा हालअपेष्टा सोसून शेवटी मोठा डॉक्टर झाला होता. पुस्तक मिटून अनू म्हणाली, "बाबा, माहं पुस्तक कोणी नाई लिहिणार."

"काऊन?"

"लिहिण्यासारखं काई झालंच नाई ना माह्यासंगं. आई आहे, तू आहे. सकाळी दूध पेतो, शाळेत जातो, घरी येतो. यात का लिहीन कोणी?"

ती हे काही दुःखाने बोलली नव्हती. आभाळ निळं आहे असं सांगावं तसं बोलली आणि टोपलीवरून उडी मारून पळाली. भगवंतरावांच्या मनात मात्र ते वाक्य रुतून बसलं. त्यांना वाटलं, पोरगी बरोबरच बोलते. आजवर ऐकलेल्या सगळ्या पुस्तकांत ज्याचा बाप मेला ते पोर वर आलं. ज्यांचे बाप जिवंत राहिले त्यांच्याबद्दल कोणी ओळभरही लिहिलेलं नाही. मग जिवंत बापाने करायचं तरी काय? आपणच तर पोरीच्या वाटेत आडवे बसलो नाही ना?

आता खरं म्हणजे भगवंतरावांचा स्वतःचा बाप ते लहान असतानाच गेला होता, हाल म्हणाल ते सगळे त्यांनी काढले होते, आणि तरी ते डॉक्टर झाले नव्हते. पण ही गोष्ट त्यांच्या ध्यानातच आली नाही. आली असती तर पुढचं सगळं टळलं असतं.

भगवंतराव पोरीच्या बाबतीत भोळे असले तरी बागेच्या बाबतीत पक्के होते. संत्र्याचं झाड मोठं विचित्र. बारा महिने पाणी पाजत राहिलं तर ते पानांनी माजतं आणि फुलायचं विसरतं. म्हणून माल तुटला की पाणी बंद करायचं. पान मलूल होतं, कडेनं वळतं, थोडी पानगळ होते, झाडाला वाटतं आता आपलं काही खरं नाही. मग नेमक्या वेळी पाणी दिलं की ते अंगभर फुलतं. याला ताण देणं म्हणतात. पाणी तोडणं कोणालाही जमतं, ते पुन्हा केव्हा द्यायचं ते कळणं अवघड. त्यासाठी भगवंतराव ताणाच्या दिवसांत रोज सकाळी एकेका झाडाजवळ जात, पान बोटांत धरून पाहत, सालीला नख लावून पाहत. आजूबाजूचे बागवाले त्यांना विचारून आपापल्या मोटरी चालू करत.

त्या संध्याकाळी ते बागेच्या बांधावर उभे होते. पाणी कालच बंद केलं होतं. झाडांकडे पाहता पाहता त्यांच्या डोक्यात एकदम उजेड पडला. ते स्वतःशीच मोठ्याने म्हणाले, "आपण पोरीले ताणच नाई देला."

हा विचार ज्वारी पेरणाऱ्याला सुचला नसता, कापूसवाल्याला सुचला नसता आणि मास्तराला तर मुळीच नाही. तो संत्र्याच्या बागवानालाच सुचू शकतो. आणि एकदा सुचल्यावर तो त्यांना इतका रास्त वाटला की त्यांनी तो कोणाला बोलूनही दाखवला नाही.

सौंसरला त्यांची मोठी बहीण अंबाबाई राहत होती. विधवा, एकटी, दोन म्हशी पाळून घरोघर दुधाचे रतीब घालणारी. बाप गेल्यावर भगवंतरावांना तिनंच वाढवलं होतं, आणि तिचा हात किती जड आहे हे त्यांच्या पाठीला ठाऊक होतं. तिच्याकडे अनूला ठेवायचं ठरलं. शकुबाईला सांगितलं की अंबाबाईचे गुडघे दुखतात, नाताळची सुट्टी आहे, पोरगी थोडी मदत करेल, आणि पुढे चारदोन दिवस वाढले तर चंद्रकलाबाईंना सांगता येईल.

शकुबाईनं नवऱ्याकडे रोखून पाहिलं. "बाजूच्या वावरात एकटी जाऊ देत नाई तुमी तिले, अन सौंसरले पाठवून राहिले?"

"जग पाह्यलं पायजे तिनं."

"सौंसर म्हंजे जग होय का?"

अनूला मात्र आनंद मावेना. तिनं थैलीत कपडे भरले आणि वरून एक दोरी, मिठाची पुडी आणि एक मेणबत्ती टाकली. पुस्तकातली पोरं घर सोडताना असंच काहीतरी घेऊन निघतात, आणि कधी काय कामी येईल सांगता येत नाही.

सौंसरला पोचल्यावर भगवंतरावांनी बहिणीला गोठ्यात बाजूला घेतलं. "बाई, लाड करू नको. काम सांग. जे असन ते खाऊ घाल, मागन ते देऊ नको. रडली तं रडू दे. मी सांगीन तवाच थांबायचं."

अंबाबाई हातातलं शेणाचं घमेलं तसंच धरून उभी राहिली. "काई केलं का पोरीनं?"

"नाई. ताण देऊन राहिलो."

"भगवंता, डोकं ठिकाणावर आहे ना तुहं?"

"तू फक्त सांगतो तसं कर."

अंबाबाईनं मान डोलवली. तिला ते पटलं नव्हतं, पण भाची जरा फाजील लाडावली आहे असं तिलाही वाटत होतंच. शिवाय ती शब्दाची पक्की होती. एकदा हो म्हटलं की डोंगर हलला तरी ती हलायची नाही. भगवंतराव अंगणात आले. अनू म्हशीच्या पाठीवर हात फिरवत होती. ते तिला नुसतं "राह्य" म्हणाले आणि वळले. गल्लीच्या टोकापर्यंत त्यांनी मागे पाहिलं नाही. ताणाला सुरुवात करताना मन घट्ट करावं लागतं, असं ते स्वतःला सांगत होते.

घर एकदम मोकळं वाटू लागलं. शकुबाई भाकर वाढायची आणि चुलीकडे तोंड करून बसायची. भगवंतराव रोज बागेत जात, पानं पाहत, सालीला नख लावत, पण पाहिलेलं डोक्यात राहत नसे. काळ्या जमिनीतलं झाड पाहताना वाटे, अनू आता शेण भरत असेल. पुढच्या झाडाशी वाटे, तिला थंडी वाजत असेल. मग वाटे, वाजू दे, त्यासाठीच तर पाठवली. मग वाटे, पांघरूण असेल ना? आपण बरं करतो आहोत की वाईट, हे त्यांना एका झाडापाशी कळे आणि दुसऱ्या झाडापाशी कळेनासं होई. नाल्याकडच्या मुरमाड तुकड्यात तर त्यांचे पाय जाईनासेच झाले. तिथेच उलट्या टोपलीवर बसून अनू वाचत असे.

एका रविवारी घरच्यासाठी झाडावर राखलेलं एक संत्रं त्यांनी तोडलं, सोललं, दोरे काढले, बिया काढल्या आणि फोडी ओळीनं मांडल्या. मग त्यांच्या लक्षात आलं की खाणारं कोणी नाही. शेजारच्या बागेचे नत्थूजी गप्पा मारायला आले होते, त्यांनी त्या खाल्ल्या. "तुमच्यासारखं संत्रं आमाले आमच्या बायकोनंबी नाई चारलं," नत्थूजी म्हणाले. भगवंतरावांना हसू आलं नाही.

शेवटी न राहवून ते एका सकाळी सौंसरला गेले. घरी खताची चौकशी करायला जातो असं सांगितलं. बहिणीच्या घरी जायचं नाही, लांबूनच पाहायचं, असं त्यांनी बसमध्येच ठरवलं होतं. अंबाबाईच्या गल्लीच्या तोंडाशी चहाचं दुकान होतं. तिथे आत बाकावर बसून ते रस्त्याकडे पाहत राहिले.

अनू आली. डोक्याला रुमाल बांधलेला, पाय धुळीनं माखलेले, एका हातात दुधाची बरणी आणि दुसऱ्यात माप. बरणी जड असावी, कारण ती एका अंगाला झुकून चालत होती. दुकानासमोर आल्यावर तिनं बरणी खाली ठेवली, हातांवर फुंकर घातली आणि इकडेतिकडे पाहिलं.

भगवंतराव बाकावरून अर्धे उठले होते. पण त्यांच्यातला बागवान आडवा आला. ताण अर्ध्यातच मोडला तर झाड धड फुलतही नाही आणि धड पानातही राहत नाही, सगळा हंगाम वाया जातो. ते पुन्हा खाली बसले आणि भिंतीकडे तोंड करून तिथे लावलेली विडीची जाहिरात वाचू लागले. ती त्यांनी वरपासून खालपर्यंत वाचली आणि पुन्हा वरून सुरू केली. वळून पाहिलं तेव्हा रस्त्यावर कोणी नव्हतं.

परत येताना आपल्याला वाटतो आहे तो अभिमानच, असं त्यांनी ठरवून टाकलं. पोरगी एवढी बरणी उचलते! पण अभिमान असेल तर जीव इतका कासावीस का होतो, याचं उत्तर काही पांढुर्णा येईपर्यंत मिळालं नाही.

सुट्टी संपली, शाळा सुरू झाली. चंद्रकलाबाईंनी दोनदा विचारलं. भगवंतराव दोन्ही वेळा "येईन पोरगी, येईन" म्हणाले. शकुबाईनं भाकरीबरोबर कांदा देणंही बंद केलं.

संक्रांत होऊन गेली असेल. एका सकाळी नत्थूजींनी नाल्याकडून हाक मारली. भगवंतराव गेले आणि पाहतच राहिले. मुरमाड तुकड्यातल्या झाडांखाली पानांचा खच पडला होता. वर उरली होती ती पानं वळून कोरडी झाली होती आणि फांद्यांचे शेंडे काळपटले होते.

"भगवंतराव, हे का करून ठेवलं तुमी?" नत्थूजी म्हणाले. "काळीतल्या झाडाले जेवढा ताण, तेवढाच मुरमातल्याले? दरसाली इथलं पाणी तुमी सगळ्याच्या आधी सोडता. आमी तुमाले पाहूनच सोडतो."

भगवंतरावांनी एक काडी मोडली. ती आतून हिरवी निघाली नाही. हलक्या जमिनीत ओल टिकत नाही, तिथल्या झाडाला ताण थोडाच पुरतो, हे त्यांना झोपेतही सांगता आलं असतं. सगळ्यांना एकच माप लावायचं नाही, हाच तर त्यांचा धंदा. आणि पोरीला पाठवताना ती कोणत्या जमिनीतली आहे हा प्रश्न आपल्या मनाला शिवलासुद्धा नाही. 

"नत्थूजी, तुमी मोटर लावा."

"अन तुमी?"

"मी सौंसरले जातो."

"बाग वाळून राहिली अन तुमी सौंसरले जाऊन राहिले?"

पण भगवंतराव तोवर बांधावर चढले होते. जाता जाता त्यांनी राखलेल्या झाडावरची उरलेली संत्री तोडून पिशवीत टाकली. बसमध्ये त्यांना बसायला जागा मिळाली, पण बसवलं नाही. जामसांवलीच्या फाट्यावर माणसं उतरली तेव्हा त्यांनी उभ्यानंच हात जोडले. काय मागावं ते सुचेना, म्हणून नुसतेच जोडले.

अंबाबाईच्या दाराला कडी होती. शेजारच्या ओट्यावर एक बाई तांदूळ निवडत बसली होती. गल्लीत नवीनच राहायला आलेली, अंबाबाईची दुधाची गिऱ्हाईक, कलाबाई. भगवंतरावांनी विचारलं, "अंबाबाई कुठी गेली?"

"म्हशीले औषध आणाले गेली. येईनच."

"अन पोरगी?"

"कोण, ते बिनबापाची पोट्टी? दूध वाटाले गेली. बसा ना."

भगवंतरावांना वाटलं आपण चुकीच्या गल्लीत आलो. "कोणती बिनबापाची?"

"अंबाबाईची भाची वो. बाप मेला ना तिचा. अंबाबाईनं तं कधी सांगतलं नाई, दुःख असन बाप्पा भावाचं. पोरीनंच सांगतलं मले."

दुसऱ्या एखाद्या माणसाने मी जिवंत आहे असं सांगितलं असतं. भगवंतरावांच्या तोंडून भलताच प्रश्न निघाला. "कसा मेला?"

"विहिरीत मोटर पाहाले उतरला मने, अन एकदम लाईन आली, करंट लागला. संत्र्याची बाग होती. पोरगी सांगते, लय चांगला होता. संत्र्याच्या बिया काढून देत जाय मने तिले." कलाबाईनं पदरानं नाक पुसलं. "मी तं दूध घेतलं का तिच्या हातावर एक लाडू ठेवतो. तुमी कोण होय तिचे? रडू नका बाप्पा. जाणारा गेला."

भगवंतराव खरंच रडत होते. मेलेल्या माणसाबद्दल एवढं चांगलं ऐकलं की कोणालाही रडू येतं, आणि इथे तर मेलेले ते स्वतः होते. ते कोण होते हे सांगायला त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात अनू रिकामी बरणी घेऊन गल्लीत वळली.

ती थांबली. उंच झाल्यासारखी वाटत होती, किंवा वाळली असेल. धावत आली नाही. भगवंतरावांनी हात पुढे केले होते, ते कुठे ठेवावेत हे त्यांना कळेना.

"पाह्य वं, कोण आलं," कलाबाई म्हणाली. "कोण होय हे तुहे?"

अनूनं बापाकडे पाहिलं, मग कलाबाईकडे. बरणी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "काका," ती म्हणाली. "बाबाचे भाऊ. मोहगावचे."

"होय का वो?" कलाबाईनं विचारलं.

"हो," भगवंतराव म्हणाले. "मोहगावचा."

"तरीच म्हटलं, एवढे कायले रडून राहिले. चेहरा मिळते का वं भावाशी?"

"थोडासा," अनू म्हणाली. "तुमी आत या ना, काका." आणि तिनं दाराची कडी काढली. बापाला तुमी म्हणायची ही तिची पहिलीच वेळ होती.

अंबाबाई आली तेव्हा काका आणि पुतणी चुलीपाशी बसले होते. भगवंतराव न्यायला आले आहेत हे कळल्यावर तिनं औषधाची बाटली कोनाड्यात ठेवली आणि म्हणाली, "घेऊन जाय. मी तुहा शब्द राखला, पण माह्यानं आता नाई होत. आली तवा रडे, तवा बरं होतं. आता रडतबी नाई. सांगन ते करते, देईन ते खाते. असं पोर पाहावत नाई मले." मग तिनं अनूच्या डोक्यावर तो जड हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

परतीच्या बसमध्ये अनू खिडकीशी बसली. मांडीवर थैली होती. दोरी, मीठ आणि मेणबत्ती तशीच आत होती, कशाचाही उपयोग झाला नव्हता. भगवंतरावांनी पिशवीतून संत्रं काढलं, सोललं, दोरे काढले, बिया काढल्या आणि फोड पुढे केली. अनूनं ती घेतली नाही. फोड त्यांच्या बोटांत राहिली.

"अनू," ते हळूच म्हणाले, "बाबा मेला म्हणून काऊन सांगतलं वं?"

ती खिडकीबाहेर पाहत राहिली. कापसाच्या वावरांत बाया वेचणी करत होत्या. त्यांच्याकडे पाहतच ती बोलली. "मी बरणी खाली ठेवली होती. तू चहाच्या दुकानात होता. मी हात वर करणार होती, तं तू भिंतीकडे तोंड केलं."

भगवंतरावांच्या डोळ्यांपुढे ती विडीची जाहिरात आली.

"मले वाटलं, तू नसशीनच. मग वाटलं, होताच. मग कलाबाईनं विचारलं, बाप काऊन भेटाले येत नाई तुहा? मले काई सांगता नाई आलं. मग पुस्तकातलं आठवलं. मेला म्हटलं का कोणी विचारत नाई काऊन येत नाई म्हणून."

आता सांगितलंच पाहिजे असं वाटून भगवंतरावांनी सगळं सांगितलं. पुस्तकातली पोरं, त्यांचे बाप, ती टोपलीवर बसून काय बोलली ते, बाग, ताण. सांगताना त्यांचं त्यांनाच ते विचित्र वाटत होतं. बांधावर उभं असताना जे इतकं सरळ दिसलं होतं त्याला आता ना शेंडा होता ना बुडखा.

अनूनं सगळं ऐकून घेतलं. बागवानाचीच पोर ती, ताण म्हणजे काय हे तिला वेगळं सांगावं लागलं नाही. तिनं विचारलं, "नाल्याकडच्या झाडायले पाणी देलं का? त्यायले तं लवकर द्या लागते."

"नत्थूजीनं लावली असन मोटर."

"उशीर झाला ना?"

"हो."

अनूनं बोटांवर दिवस मोजले. मग कपाळाला आठ्या घालून, गणित अडल्यावर विचारायची तसं तिनं विचारलं, "पण बाबा, ताणातल्या झाडाजवळ तं तू रोज जातो. रोज पानाले हात लावतो. माह्याजवळ काऊन नाई आला?"

याचं उत्तर भगवंतरावांनी शोधून पाहिलं, कारण पोरीनं इतक्या सरळपणे विचारलं होतं की खोटं बोलायची सोय नव्हती. ते आपल्या हातातल्या फोडीकडे पाहत राहिले आणि त्यांना मनापासून लाज वाटली.

तेवढ्यात कंडक्टर आला. "पांढुर्णा दोन? पोरगी तुमचीच का? अर्ध फाडू का तिचं?"

अनूचं तिकीट भगवंतराव नेहमी अर्धंच काढत आले होते. आज ते 'तुमचीच का' इथेच अडले. सौंसरमध्ये आपण मेलेलो आहोत, गल्लीत आपण मोहगावचे काका आहोत, या बसमध्ये आपण कोण आहोत हे ठरवायचा हक्क आपल्याकडे उरला आहे का, हे त्यांना समजत नव्हतं. त्यांनी पोरीकडे पाहिलं.

"पूर्ण द्या," अनू कंडक्टरला म्हणाली. "मले बारा वर्ष होऊन गेले."

कंडक्टरनं दोन पूर्ण तिकिटं फाडली आणि पुढे गेला. त्यानं पोरीबद्दल दोन गोष्टी विचारल्या होत्या आणि पोरीनं एकीचंच उत्तर दिलं होतं. दुसरीचं ती देते का याची भगवंतराव वाट पाहत राहिले. विचारायचं धाडस त्यांना झालं नाही.

जामसांवलीचा फाटा मागे गेला. अनूनं त्यांच्या मांडीवरच्या पिशवीत हात घालून दुसरं संत्रं काढलं. नखानं साल काढायला तिला वेळ लागला, रस मनगटावर ओघळला. दोरे काढण्याच्या भानगडीत ती पडली नाही. एक फोड तोंडात टाकून तिनं बिया खिडकीबाहेर थुंकल्या, हे ती रोजच करत असावी अशा सफाईनं. मग उरलेल्यातलं अर्धं संत्रं तिनं भगवंतरावांच्या तळहातावर ठेवलं.

"बिया आहेत, बाबा," ती म्हणाली. "पाहून खाय."

भगवंतरावांनी ते बियांसकट खाल्लं.